यात आंबे नाहीत

"अज्जा, खरं सांगा. मी मठ्ठ आहे का?"

हर्षिता दारातच उभी राहून विचारत होती. मी पेपर बाजूला ठेवून चष्मा काढेपर्यंत आतून माझ्या बायकोने, वसुमतीनेच उत्तर दिलं, "मठ्ठ माणसं असं विचारत नाहीत गं. आत ये. कॉफी टाकलीय."

हर्षिता आमच्या वरच्या मजल्यावर राहते. तिचे वडील कल्लाप्पा निपाणीचे. नोकरीने त्यांना बेंगळूरला आणलं आणि तेव्हापासून ते बनशंकरीत आमच्याच घरी भाड्याने आहेत. आम्ही मात्र इथलेच. आमचे पूर्वज कुठल्या राजाबरोबर इकडे आले ते आता कोणालाच नीट सांगता येत नाही. आमच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की पुण्याचे पाहुणे आले की हसतात, आणि आम्हीही त्यांच्याबरोबर हसतो. मी शाळेत गणित शिकवायचो. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही. रविवारी सकाळी गल्लीतली पोरं आमच्या दिवाणखान्यात जमतात. हर्षिता सहावीत असताना अशीच आली होती. आता तिचं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालं आहे, आणि रविवारी ती माझ्या बरोबरीने पोरांना शिकवते.

"कुणी म्हटलं मठ्ठ?" मी विचारलं.

"कुणीच काही म्हणत नाही, तेच तर! इतक्या प्रोफेसरांना मेल केली पीएचडीच्या जागेसाठी. एकाचंही उत्तर नाही. नाही, एकाचं आलं." ती खुर्चीत बसली. "त्यांनी लिहिलंय, 'आपण हे पत्र ज्यांना लिहिलं आहे ते प्राध्यापक दुसऱ्या विद्यापीठात आहेत.' नाव बदलायचं विसरले मी."

वसुमती कॉफीचा पेला घेऊन बाहेर येत होती, तिला हसू आवरेना. "अय्यो, म्हणजे लग्नपत्रिकेसारखं केलंस तू. मजकूर एकच, वर नुसतं नाव बदलायचं."

"सगळे तसंच करतात अज्जी."

"म्हणूनच कोणाला उत्तर येत नाही," मी म्हणालो. "बरं, मला सांग, तुला नेमकं काय करायचंय? प्रोफेसरला नको, मला सांग. मी सातवीतला पोरगा आहे असं समज."

तिने पेल्यात फुंकर घातली आणि सांगायला लागली. पाणी गोठतं म्हणजे त्यातले रेणू रांगेत उभे राहतात. ते कसं सुरू होतं, पहिली रांग कोण धरतं, हे अजून कोणाला पूर्ण कळलेलं नाही. रेणू एकमेकांना किती ढकलतात, किती ओढतात याचे मूळ नियम माहीत आहेत. ती झाली थिअरी. त्या नियमांनी कॉम्प्युटरमध्ये पाणी चालवून बघायचं, ते सिम्युलेशन. पण नियम इतके किचकट आहेत की हिशेब अचूक करायचा म्हटलं तर थेंबाच्या कणाएवढ्या पाण्याला महिने लागतात. मग थोडीच उदाहरणं अचूक सोडवायची, ती कॉम्प्युटरला शिकवायची, आणि पुढची उत्तरं त्यानेच झटपट द्यायची. ते मशीन लर्निंग.

"म्हणजे तो तुझा विद्यार्थी," मी म्हणालो.

"विद्यार्थीच. आणि हुशार आहे बरं का अज्जा. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये मी त्याची परीक्षा घेतली, जवळजवळ चूक नाहीच! आमच्या कॉलेजचे दयानंद सर म्हणतात, यावर पेपर लिहू."

सांगताना तिचे डोळे चमकत होते. मघाची रडवेली मुलगी कुठे गेली कोण जाणे.

"हे जे आत्ता मला सांगितलंस, ते त्या मेलमध्ये आहे?"

"नाही. मेलमध्ये आहे की मी कष्टाळू आणि जिज्ञासू आहे."

"मग ते काढ, आणि हे घाल. आणि सगळ्यांना नको. पाण्यावर काम करणारे कोण आहेत ते शोध, त्यांनी काय लिहिलंय ते वाच, आणि वाचताना जे कळलं नाही ते विचार. वर्गात मला काय आवडायचं माहीत आहे? 'सर, मी फार हुशार आहे' म्हणणारा पोरगा नाही. 'सर, ही तिसरी पायरी कशी आली?' म्हणणारा."

तिला ते पटायला वेळ लागला. पण मग महिनाभर ती वाचत राहिली, आणि अगदी थोड्या जणांना, प्रत्येकाला वेगळी, अशी पत्रं गेली. त्यातल्या एकीचं उत्तर आलं. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात एक प्राध्यापक बाई नेमकं हेच काम करत होत्या. थिअरी, सिम्युलेशन आणि मशीन लर्निंग अशा तिन्ही अंगांनी काम करण्यासाठी संशोधक विद्यार्थी हवा अशी त्यांची जाहिरातच होती. बाईंनी हर्षिताच्या प्रश्नाला चार ओळींत उत्तर दिलं होतं आणि पाचव्या ओळीत लिहिलं होतं, अर्ज करा. अर्ज गेला, आणि मुलाखत ठरली. बुधवारी दुपारी, कॉम्प्युटरवरून.

घरात पहिला विरोध आला तो कल्लाप्पांचा. ते चिडून खाली आले.

"मास्तर, तुमीच सांगा हिला. सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र आलंय, महिनाअखेरपर्यंत हो म्हणायचंय. आनि ही म्हणती, अजून चार वर्सं शिकायचं. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये, खोटं हाय का त्ये?"

"खोटं नाही. पण कल्लाप्पा, तिकडे ही नोकरीच असते. पगार देतात."

"शिकायचा पगार?" कल्लाप्पा माझ्याकडे संशयाने बघत राहिले. "मग त्यांची काय तरी अडचण आसणार."

"त्यांना माणसं हवी आहेत, एवढीच अडचण."

"बरं. झालं तर बघू. पर बुधवारचं न्हाई जमलं तर कंपनीला हो म्हणायचं. ठरलं?"

"ठरलं अप्पा," हर्षिता म्हणाली. तिने अगदी सहज म्हटलं, कारण तिच्या हातात तो प्रोजेक्ट होता. तिच्या नावावर दाखवण्यासारखं तेवढं एकच काम होतं, आणि ते फार चांगलं झालं होतं.

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी पोरांची अपूर्णांकांची चाचणी होती. हर्षिताने स्वतःहून ती तयार केली होती, आणि मोठ्या उत्साहाने. खूप गणितं रचली, प्रत्येक एका चिठ्ठीवर लिहिलं, सगळ्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या छान फेटल्या. त्यातल्या बऱ्याचशा आठवडाभर सरावाला वाटल्या आणि उरलेल्या चाचणीसाठी बाजूला ठेवल्या. वशिला नाही, पक्षपात नाही. पोरांनी चाचणीची गणितं आधी पाहिलेलीच नव्हती.

सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले. एरवी अपूर्णांक पाहिला की ज्याला तहान लागते त्या प्रणीतलासुद्धा. त्याने दोन्ही हात वर करून दिवाणखान्यात एक फेरी मारली.

"बघा अज्जा!" हर्षिता मला म्हणाली. "म्हटलं होतं ना, एका आठवड्यात शिकवते."

मला आनंदच झाला. पण चाचणी झाली की एखादं तोंडी गणित घालायची माझी जुनी सवय. मी म्हटलं, "शाब्बास प्रणीत. आता मला सांग, पाऊण भाकरी उरलीय. ती तिघांत सारखी वाटायची. एकाला किती?"

प्रणीत थांबला. त्याने छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अज्जा, कितीचे तीन चतुर्थांश काढायचे?"

"कितीचे नाही रे. पाऊणच आहे. ती वाटायची."

"पण आकडा सांगा ना. वीस की चोवीस?"

"कशाचे वीस?"

"आंब्यांचे!" तो वैतागून म्हणाला. "हर्षिता अक्काच्या गणितात आंबे असतात. यात आंबे नाहीत."

पोरं हसली. शेजारची सौम्या त्याच्यापेक्षा एक वर्षाने मोठी, ती म्हणाली, "ए मुंडेदे, वेड्या, भाकरी आहे ना इथे. डोळ्यासमोर आण की." पण तिचंही उत्तर चुकलं. दुसऱ्या एकाने सांगितलं एक, तिसऱ्याने सांगितलं नऊ, एकाने तर सव्वादोन भाकऱ्या प्रत्येकाला वाटल्या. पाऊण भाकरीतून! मी म्हटलं, "तुझ्या घरी जेवायला यायला हवं." मग कागदाची भाकरी कापली, वाटली, आणि सगळ्यांना कळलं.

चिठ्ठ्या पाहिल्या तर सगळा उलगडा झाला. सरावात वीस आंब्यांचे तीन चतुर्थांश होते, चाचणीत चोवीस आंब्यांचे. गणितं वेगळी होती, पण जुळ्या भावंडांएवढीच वेगळी. चिठ्ठ्या फेटल्यामुळे एक भाऊ सरावात गेला, दुसरा चाचणीत. पोरं अपूर्णांक शिकली नव्हती, आंब्यांचा चेहरा ओळखायला शिकली होती.

मी हे हसत हसत हर्षिताला दाखवायला वळलो, तर ती खिडकीपाशी चिठ्ठी हातात घेऊन उभी होती. चेहरा पांढरा पडलेला.

"अगं, एवढं काय त्यात? पुढच्या रविवारी नवी गणितं घालू."

"अज्जा," ती हळूच म्हणाली, "मी तिथेही हेच केलंय."

पोरं गेल्यावर तिने मला समजावलं. कॉम्प्युटरमधलं पाणी हलत असतं. त्याचे क्षणाक्षणाला फोटो घ्यायचे, तशी तिने हजारो चित्रं जमवली होती. मग ती सगळी एकत्र करून फेटली, बहुतेक शिकवायला दिली आणि उरलेली परीक्षेला ठेवली. पण लागोपाठच्या दोन चित्रांत रेणू किती हलणार? केसभर. म्हणजे परीक्षेतल्या प्रत्येक चित्राचा जुळा भाऊ त्या विद्यार्थ्याने आधीच पाहिलेला होता. सिनेमातली चित्रं एक सोडून एक पाहिली की मधली कुणीही ओळखेल.

"फेटायचं हे तर पहिल्याच दिवशी शिकवतात," ती म्हणाली. "फेटलं की न्याय होतो, असंच सगळे म्हणतात. माझं पाणी म्हणजे पत्ते नाहीत, हे डोक्यातच आलं नाही. 'जवळजवळ चूक नाही' असं अर्जात लिहिलंय मी. अज्जा, त्याला कदाचित काहीच येत नसेल."

"कदाचित," मी म्हणालो. "किंवा बरंच येत असेल. नीट परीक्षा घेतल्याशिवाय कसं कळणार?"

वसुमतीने उपमा ठेवला होता. हर्षिताने खाल्ला नाही. वर निघून गेली.

सोमवारी तिने दयानंद सरांना फोन केला तो आमच्याच दिवाणखान्यातून. इंटरनेटचं यंत्र आमच्याकडे असल्यामुळे वरच्या मजल्यावर फोन तुटतो. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असं पुष्कळांचं होतं गं. बुधवारी मुलाखत आहे ना? आता घोळ घालू नकोस. त्यांनी विचारलं तर बघ. जागा मिळाली की मग सावकाश दुरुस्त करू."

फोन ठेवून ती माझ्यासमोर बसली. "अज्जा, तुम्ही सांगा. सांगू की नको?"

खरं म्हणजे उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण आयुष्यभर एक पथ्य पाळलंय. पोरगं पाटीवर झुकलेलं असताना त्याच्या हातातली पेन्सिल घ्यायची नाही. मी विचारलं, "आधी परीक्षा तर घे. निकाल न बघताच पालकांना काय सांगायचं ते ठरवतेस?"

"आणि निकाल वाईट लागला तर? माझ्याकडे दाखवायला दुसरं काहीच नाही. अप्पांना शब्द दिलाय, नाही जमलं तर कंपनी."

"ते खरंच आहे."

"तुम्ही काहीच सांगणार नाही ना?"

"नाही."

"फार वाईट आहात अज्जा," ती म्हणाली, आणि लॅपटॉप उघडून तिथेच कामाला लागली.

तिने यावेळी चित्रं फेटली नाहीत. पाणी वेगवेगळ्या तापमानांना चालवलं होतं, त्यातला सगळ्यात थंड पाण्याचा एक अख्खा प्रयोग बाजूला काढून ठेवला. त्यातलं एकही चित्र विद्यार्थ्याला दाखवायचं नाही. बाकीच्यांवर त्याला नव्याने शिकवायचं, आणि मग एकदम हे थंड पाणी पुढ्यात ठेवायचं. म्हणजे, तिच्या शब्दांत, आंबे नसलेलं गणित. कॉलेजच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ते चालू राहिलं. ती अधूनमधून येऊन बघून जायची. मंगळवारी संध्याकाळी निकाल आला. चूक आधीपेक्षा सहापट.

कल्लाप्पा कामावरून आले तेव्हा तीच त्यांना जिन्यात भेटली आणि सगळं सांगून टाकलं. मी खालून ऐकत होतो. न ऐकून करतो काय, जिना आमच्या खिडकीलाच लागून आहे.

"सहापट चूक? आनि त्ये तू हून सांगणार?" कल्लाप्पांचा आवाज चढला. "दुकानदार सोता सांगतो का, माझी पपई आतनं कच्ची हाय म्हणून?"

"अप्पा, चार वर्षं त्याच पपईवर बसायचंय मला. बुधवारी लपवलं तर गुरुवारपासून रोज लपवत बसावं लागेल. तुम्हीच सांगा, जमेल मला ते?"

कल्लाप्पांचा आवाज उतरला. मग म्हणाले, "न्हाई जमायचं तुला. ल्हानपणी तुला एक खडीसाखर चोरून खाता आली न्हाई कधी." थोड्या वेळाने, "जेवून घे चल."

त्यानंतर तिने सरांनाही आकडे पाठवले. आकडे पाहून त्यांनीच फोन केला. म्हणाले, "पेपरवर माझंही नाव आहे. तो थांबवू. आणि बुधवारी नवीनच आकडे दाखव. मी मघाशी, म्हणजे काल, घाईत बोललो."

बुधवारी दुपारी आमच्या दिवाणखान्याची परीक्षागृहासारखी अवस्था झाली. टेबलावर लॅपटॉप, मागे भिंतीला वसुमतीने धुतलेली चादर लावलेली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात हलायचंसुद्धा नाही असं ठरवून बसलो. कल्लाप्पा अर्धी रजा टाकून आले होते, पण आत आले नाहीत. जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

पडद्यावर प्राध्यापक बाई आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचा एक तरुण सहकारी. बोलणं इंग्रजीत चाललं होतं आणि आतपर्यंत नीट ऐकू येत होतं. जेमतेम ओळख झाली असेल, तोच गल्लीत भाजीची गाडी आली. गाडीवरचा भोंगा गर्जायला लागला, "सोप्पू! सोप्पू! पालक सोप्पू, दंटु सोप्पू!"

मी वसुमतीकडे पाहिलं. ती मागच्या दाराने धावत गेली, आणि दोन मिनिटांत भोंगा बंद झाला. परत आली ती दोन्ही हातांत मावेना इतकी पालेभाजी घेऊन. "बंद कर म्हटलं तर म्हणतो, सगळं खपल्यावर करतो," ती माझ्या कानात कुजबुजली. "खपवलं."

बाहेर हर्षिताने नवे आकडे दाखवले होते. तरुण सहकारी म्हणाला, "एक मिनिट. अर्जात चूक फार कमी लिहिली आहे. इथे सहापट दिसते. यातलं खरं कोणतं?"

"इथलं खरं," हर्षिता म्हणाली. "अर्जातली परीक्षा मी चुकीची घेतली होती." आणि तिने सांगितलं, फेटणं, जुळी चित्रं, सगळं.

 मग बाईंनी विचारलं, "हे कधी लक्षात आलं?"

"रविवारी."

"आत्ताच्या? कुणी दाखवलं?"

"प्रणीतने."

"प्रणीत कोणत्या संस्थेत आहे?" सहकारी लिहून घेण्याच्या तयारीत असावा.

"तो सातवीत आहे," हर्षिता म्हणाली, आणि तिने आंब्यांची गोष्ट सांगितली. तिकडे दोघंही इतके हसले की इकडे वसुमतीने पदर तोंडावर धरला.

पण हसून झाल्यावर बाईंनी खरा प्रश्न टाकला. "ठीक. आता असं समजा, तुमचा विद्यार्थी एकदम अनोळखी पाण्यापाशी पोहोचला आहे. अचूक उत्तर काढायला महिने लागतात, म्हणून ते तुमच्याकडे नाही. मग तो आत्ता चुकतो आहे हे तुम्हाला कसं कळणार?"

 मी आत मुठी आवळून बसलो होतो. शेवटी हर्षिताचा आवाज आला, सावकाश, जसजसं सुचत होतं तसा.

"मला हे माहीत नाही. मी विचार करून सांगते. वर्गात गणित सगळ्यांना येतं तेव्हा सगळे एकच उत्तर ओरडतात. येत नाही तेव्हा प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. रविवारी भाकरीच्या गणिताला तसंच झालं. तर एकच विद्यार्थी शिकवायचा नाही. थोड्या वेगळ्या रीतीने चार-पाच शिकवायचे आणि सगळ्यांना विचारायचं. उत्तरं जिथे विखुरतात, ती जागा अनोळखी."

"ही पद्धत अस्तित्वात आहे," बाई म्हणाल्या. "बरीच वापरली जाते. तुम्ही त्याबद्दल वाचलं आहे?"

"नाही," हर्षिता म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता.

"वाचायला हवं होतं. पुढचा प्रश्न."

मुलाखत संपल्यावर ती स्वयंपाकघरात येऊन खाली जमिनीवरच बसली. "गेलं अज्जा. माझा निकाल मीच खोटा ठरवला, आणि जे सुचलं ते जगाला आधीच माहीत होतं."

"जगाला माहीत होतं, पण तुला कोणी सांगितलं नव्हतं," मी म्हणालो. "तुझं तुला सुचलं. माझ्या वर्गात याला पूर्ण मार्क आहेत."

"तुमच्या वर्गात पगार नाही अज्जा," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली. कल्लाप्पा दारात येऊन उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या पालेभाजीच्या ढिगाकडे. "येवढा पाला? काय लगीन हाय का घरात?" ते म्हणाले. पुढचे काही दिवस दोन्ही मजल्यांवर तीच भाजी होती, आणि मुलाखतीविषयी कोणी बोलत नव्हतं.

महिना संपत आला. कंपनीला उत्तर द्यायची वेळ आली. हर्षिताने हो म्हणायची तयारीही केली होती. दिलेला शब्द ती पाळणार होती. त्यातच एका सकाळी ती जिना उतरून आली, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, फोन माझ्या चष्म्याला जवळजवळ चिकटवलेला. "अज्जा, वाचा. मोठ्याने वाचा. मला नीट कळत नाहीये."

बाईंनी लिहिलं होतं की जाहिरातीतली जागा दुसऱ्या एका उमेदवाराला दिली आहे. त्याचा या विषयातला अनुभव जास्त आहे. एवढं वाचून मी चष्मा सारखा केला. पुढे मात्र होतं की जानेवारीपासून गटात आणखी एक जागा सुरू होते आहे, आणि ती हर्षिताला देण्याचं सर्वानुमते ठरलं आहे. जागेचं काम असं की शिकवलेला कॉम्प्युटर कधी चुकतो ते ओळखायचं. मधल्या महिन्यांत तिने आपल्या सरांबरोबर जुनं काम दुरुस्त करून पूर्ण करावं, आणि सोबत जोडलेले लेख वाचावेत. लेख पुष्कळ होते.

"म्हणजे मिळाली?" हर्षिता म्हणाली.

"पहिली नाही. दुसरी."

"पण मिळाली?"

"मिळाली गं बाई!" वसुमतीच ओरडली, आणि तिने तिला गच्च धरलं. "जानेवारीत? त्या थंडीत? आता हिला स्वेटर कुठून—"

कल्लाप्पा दाढीचा साबण गालावर तसाच घेऊन खाली आले होते. त्यांनी सगळं पुन्हा एकदा माझ्याकडून ऐकून घेतलं, पगार आहे ना तेही विचारून घेतलं. मग म्हणाले, "कंपनीला न्हाई म्हणून कळवून टाक. आजच. बिचारे वाट बघत बसायचे." आणि पायरीवर बसून त्यांनी निपाणीला भावाला फोन लावला.

"दयाप्पा, आरं आपली हर्षी चालली परदेशात! पीएचडीला. व्हय, पगार देत्यात... काय करणार म्हंजे? पाण्याचं. पाणी गोठतं कसं, त्ये." तिकडून काहीतरी लांबलचक आलं. कल्लाप्पा उसळले. "फ्रीज हाय की त्यांच्याकडं! फ्रीजचं न्हाई रं त्ये. कम्प्युटरात गोठवायचं... आरं भिजत न्हाई कम्प्युटर! तुला काय सांगू आता."

त्यांनी फोन हर्षिताच्या हातात कोंबला. "तूच सांग काकाला. स्वल्प सावकाश सांग, घाई करू नगस. आनि त्याला कळलं का न्हाई त्ये मधी मधी विचारत जा."

हर्षिता त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "काका," ती म्हणाली, "समजा, जत्रेत खूप माणसं जमलीत. सगळी इकडून तिकडे फिरतायत. आणि एकदम कोणीतरी रांग धरतं. तर मला सांगा, पहिला माणूस का थांबला असेल?"